पाणी, पेठ आणि पत : बारामतीच्या जडणघडणीचा इतिहास

गावाचा इतिहास म्हटला की सर्वसाधारणपणे किल्ले, लढाया, वाडे आणि मंदिरे यांचे वर्णन अपेक्षिले जाते. परंतु ज्या गावांची ओळख शेती आणि बाजारपेठ यांमुळे निर्माण झाली, त्यांचा खरा इतिहास कालव्याच्या पाण्यात, रेल्वेच्या मालधक्क्यावर आणि व्यापाऱ्यांच्या चोपड्यांत शोधावा लागतो. पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागात, कऱ्हा नदीच्या काठी वसलेली बारामती हे अशा गावांचे ठळक उदाहरण होय. पश्चिम महाराष्ट्रातील एक लहानसे, पर्जन्यछायेतील, कोरडवाहू मुलुखातील गाव सुमारे शंभर वर्षांच्या काळात एक समृद्ध बाजारपेठ कसे बनले, हा अभ्यासनीय विषय आहे.

या जडणघडणीत जैन समाजाचा सहभाग सर्वश्रुत आहे. स्मरणिकेसारख्या प्रकाशनातून अशा सहभागाचा गौरव होणे स्वाभाविकच आहे. मात्र ज्याला जमाखर्च ठाऊक आहे, त्याला हेही ठाऊक असते की केवळ जमेची बाजू लिहून ताळेबंद पूर्ण होत नाही. बारामतीच्या परिसरात व्यापारी आणि शेतकरी यांच्या संबंधांत एक कटु प्रकरण घडले आहे. ते वगळून या गावाच्या प्रगतीचे मर्म उलगडत नाही. म्हणूनच प्रस्तुत लेखात दोन्ही बाजूंचा विचार केला आहे.

कऱ्हाकाठची जुनी वस्ती

बारामतीचा उत्कर्ष पेशवाईच्या काळात प्रथम ठळकपणे दिसू लागतो. येथील जोशी घराणे त्या काळातील नामांकित सावकार घराणे होते. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांची कन्या भिऊबाई या घराण्यातील आबाजी नाईक जोशी यांना दिलेली होती. त्यांचे बंधू बाबूजी नाईक यांनी थोरल्या बाजीरावांना मोठ्या रकमा कर्जाऊ दिल्या होत्या. १७४० मध्ये बाजीरावांचे निधन झाल्यावर रघूजी भोसले यांच्या पाठिंब्याने बाबूजी नाईकांनी स्वतःच पेशवेपदावर हक्क सांगितला, यावरून त्या घराण्याच्या सामर्थ्याची कल्पना येते. नदीकाठचा नाईकांचा वाडा हे त्या वैभवाचे स्मारक आहे.

याच नाईकांच्या आश्रयाने कविवर्य मोरोपंत बारामतीस राहिले. १७२९ मध्ये पन्हाळ्यास जन्मलेल्या या पंडित कवीने आपल्या आयुष्याचा बहुतांश काळ बारामतीत पुराण सांगण्यात व काव्यरचनेत व्यतीत केला. 'आर्याभारत' आणि 'केकावली' या त्यांच्या रचनांमुळे बारामतीचे नाव मराठी वाङ्मयात कायमचे कोरले गेले. १७९४ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

१८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आली आणि राजाश्रयावर उभे असलेले वैभवही ओसरले. इंग्रजी अमदानीत बारामती तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील एक बाजाराचे गाव म्हणून उरली. १८६५ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली. आजूबाजूची शेती मात्र जवळजवळ संपूर्ण जिरायत होती. वर्षाकाठी सुमारे वीस इंच पाऊस, आणि तोही बेभरवशाचा. बाजरी, ज्वारी, हरभरा, करडई ही मुख्य पिके. पाऊस झाला तर घरापुरते धान्य, नाही तर सावकाराचे दार, अशी कुणब्याची अवस्था होती.

कर्जाचे चक्र

इंग्रजांनी मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याची जी नवी पाहणी केली, तिची सुरुवात शेजारच्या इंदापूर तालुक्यातून झाली. गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ पासून जमिनीची प्रतवारी करून तीस वर्षांसाठी सारा ठरवून दिला. आरंभीचे दर सौम्य असल्याने पडीक जमिनी लागवडीखाली आल्या. मात्र सारा रोख पैशांत आणि ठरल्या दिवशी भरावा लागे. पीक हाती येण्यापूर्वी हप्ता भरायचा, तर रोकड देणारा कोणीतरी हवाच होता. ती गरज मारवाड व गुजरातमधून आलेल्या वाणी समाजाने भागविली. त्यांत जैन धर्मीयांची संख्या लक्षणीय होती. एका छोट्या दुकानात कापड, धान्य, मीठ, तेल यांची विक्री आणि त्याच गादीवर कर्जाचा व्यवहार, असे त्यांचे स्वरूप असे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि तेथून इंग्लंडला जाणारा कापूस थांबला. हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. दख्खनच्या शेतकऱ्याला पूर्वी कधी मिळाले नव्हते इतके कर्ज सहज मिळू लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि कर्जे मात्र तशीच राहिली. त्यातच जुन्या पाहणीची तीस वर्षांची मुदत संपून १८६७ पासून इंदापूर व आसपासच्या तालुक्यांत सारा मोठ्या प्रमाणात वाढविण्यात आला. एकीकडे उत्पन्न घटले, दुसरीकडे देणे वाढले, आणि सावकारांनी आपला हात आखडता घेतला.

कायद्यानेही परिस्थिती बिघडविली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानुसार कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची करण्यात आली होती. ऋणकोवर व्याजाचा बोजा साचू नये हा त्यामागील हेतू. प्रत्यक्षात घडले ते उलट. दर तीन वर्षांनी मुद्दल आणि थकलेले व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेतला जाऊ लागला आणि त्या एकत्रित रकमेवर पुन्हा व्याज सुरू झाले. निरक्षर कुणबी कागदावर अंगठा उठवी. त्या कागदात काय लिहिले आहे हे त्याला ठाऊक नसे आणि भरलेल्या रकमेची पावतीही त्याला क्वचितच मिळे. व्याज मुद्दलाच्या दुपटीपलीकडे वाढू नये, अशी दामदुपटीची जुनी मर्यादा आपल्याकडे होती. पुढे सरकारी आयोगासमोर आलेल्या एका प्रकरणात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचे आढळले. सर्वच सावकार असे वागत होते असे मुळीच नव्हे. परंतु अशा व्यवहारांनी साऱ्या पेढीची बदनामी झाली.

१२ मे १८७५

बारामतीपासून जवळच असलेले सुपे हे गाव शहाजीराजांच्या जहागिरीतील ठाणे म्हणून इतिहासात प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात ते परिसरातील मोठे बाजाराचे ठिकाण होते आणि अनेक दुकानदार व सावकार तेथे राहत असत. १२ मे १८७५ रोजी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी येथे जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर व घरांवर हल्ला केला. वह्या आणि कर्जरोखे हिसकावून घेऊन त्यांची होळी करण्यात आली. धान्याची दुकाने लुटली गेली, काही ठिकाणी घरांनाही आगी लावण्यात आल्या. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पसरले. लष्कर बोलवावे लागले. ९५१ जणांना अटक झाली. इतिहासात 'दख्खनचे दंगे' या नावाने ही घटना ओळखली जाते.

या दंग्यांचे एक वैशिष्ट्य चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने आवर्जून नोंदविले आहे. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. जेथे सावकाराने रोखे मुकाट्याने स्वाधीन केले, तेथे फारसा शारीरिक उपद्रव झाला नाही. त्याआधी, १८७४ च्या अखेरीस, शिरूर तालुक्यातील करडे गावात सावकारांवर सामाजिक बहिष्कार टाकण्यात आला होता. न्हाव्याने हजामत करू नये, पाणक्याने पाणी भरू नये, असे त्याचे स्वरूप होते. अर्थात हा क्षणिक उद्रेक नव्हता. विश्वास तुटण्याची प्रक्रिया दीर्घकाळ चालू होती. सुप्याच्या बाजारात ती दृश्य झाली एवढेच.

त्या दिवशी ज्या कुटुंबांची घरे लुटली गेली, त्यांचे दुःख खरे होते. कित्येकांनी पिढ्यान्‌पिढ्या सचोटीने व्यापार केला असेल, त्यांनाही त्याची झळ बसली. तसेच ज्यांच्या जमिनी कागदाच्या एका तुकड्यापायी गेल्या, त्यांचे दुःखही खरे होते. इतिहासाचा विचार करताना या दोहोंपैकी एकाकडे पाठ फिरविणे उचित ठरणार नाही.

जैन श्रावकाच्या आचारधर्मात या प्रश्नाचे उत्तर शेकडो वर्षांपूर्वीच दिलेले आहे, ही येथे विचारात घेण्याजोगी गोष्ट होय. सत्याणुव्रताच्या अतिचारांत 'कूटलेखक्रिया' म्हणजे खोटे दस्तऐवज लिहिणे, आणि अस्तेयव्रताच्या अतिचारांत 'हीनाधिकमानोन्मान' म्हणजे घेण्याची व देण्याची मापे वेगळी ठेवणे, यांचा स्पष्ट उल्लेख आहे. शास्त्रकारांना व्यापाऱ्याच्या गादीवरील मोह पुरेपूर ठाऊक होते, असेच यावरून म्हणावे लागते.

आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये सादर झाला आणि १८७९ मध्ये 'दख्खन शेतकरी साहाय्य कायदा' अमलात आला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू करण्यात आला. कर्जरोख्यातील आकडाच अंतिम न मानता मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्याची पद्धत बंद झाली. पावती देणे, हिशेब दाखविणे यांना कायद्याचे बंधन आले. व्यापाराला आरंभी हे जाचक वाटले. तथापि पुढील काळातील पारदर्शक व्यवहारांचा पाया याच कायद्याने घातला असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

दुष्काळ आणि कालवा

दंग्यांची धग शांत होते न होते तोच १८७६ मध्ये पावसाने दगा दिला. १८७६ ते १८७८ या भीषण दुष्काळात हजारो कुटुंबे सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडू लागली. रोजची मजुरी एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणण्यात आली, तेव्हा मुंबई इलाख्यातील दुष्काळी कामांवरील मजुरांनी काम सोडून निषेध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

याच दुष्काळात नीरा नदीवरील कालव्याचे काम हाती घेण्यात आले. वीर येथे नदीला बंधारा घालून डाव्या तीराने पाणी न्यायचे आणि पुरंदर, भीमथडी व इंदापूर या तालुक्यांतून सुमारे १६० किलोमीटर पुढे पोहोचवायचे, अशी ती योजना होती. १८८५ च्या सुमारास कालव्यात पाणी खेळू लागले. बारमाही साठ्यासाठी भोरजवळ, नीरेला मिळणाऱ्या वेळवंडी नदीवर भाटघर येथे दगडी धरण बांधण्यात आले. ते १८९२ मध्ये पूर्ण झाले. अभियंता व्हायटिंग यांच्या नावावरून त्या जलाशयास लेक व्हायटिंग असे नाव देण्यात आले. ज्या हातांनी उपाशीपोटी माती उचलली, त्यांच्याच कष्टांतून पुढील पिढ्यांच्या संपन्नतेचा मार्ग खोदला गेला.

पाणी आले, पण घेणारा कोण?

कालवा झाला आणि लगेच हिरवाई आली, असे मात्र घडले नाही. पाऊस बरा झाला की शेतकरी कालव्याचे पाणी मागत नसे. पाऊस ओढला की सर्वांनाच एकाच वेळी ते हवे असे. पाणीपट्टी रोख भरायची, जमीन सपाट करायची, सरी-वरंबे पाडायचे, खत घालायचे, या सर्वांस भांडवल हवे. बाजरीच्या शेतकऱ्याजवळ ते कोठून असणार? शिवाय सरकारी पाटकऱ्याच्या पाळीवर विसंबून वर्षभराचे पीक घेण्याचा धीरही त्याला होत नव्हता.

हे धाडस प्रथम केले ते सासवडच्या माळी बांधवांनी. सासवड परिसरात विहिरींवर बागायत करण्यात हा समाज पिढीजात निष्णात होता. कालव्याच्या पाण्याची बातमी कळताच अनेक माळी कुटुंबे नीरेच्या काठी उतरली. स्थानिक मालकांकडून खंडाने जमिनी घेऊन त्यांनी ऊस लावला. त्यांची मशागत, पेंडीच्या खताचा वापर आणि काटेकोर हिशेब पाहून हळूहळू स्थानिक मराठा शेतकरीही उसाकडे वळले. बाहेरून आलेल्या कष्टाळू माणसाकडून विद्या शिकण्यात येथील लोकांनी कमीपणा मानला नाही, हे बारामतीच्या प्रगतीचे एक महत्त्वाचे कारण होय.

पाण्याच्या वाटपाचा प्रश्न सोडविण्यात तरुण अभियंता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा मोठा वाटा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी नीरा कालव्यासाठी त्यांनी 'ब्लॉक पद्धत' सुचविली. गावोगावची जमीन ठराविक विभागांत वाटावी, प्रत्येक विभागात साधारणतः एक तृतीयांश क्षेत्रावरच ऊस असावा, उरलेल्या क्षेत्रावर कमी पाण्याची पिके फिरवावीत आणि त्या बदल्यात काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यावी, असे तिचे सूत्र होते. पाणी थोड्यांच्या हाती एकवटू नये आणि जमीनही बिघडू नये, हा दूरदर्शी विचार त्यामागे होता. हमी मिळाल्यामुळे शेतकऱ्याला भांडवल गुंतविण्याचा आणि व्यापाऱ्याला ते पुरविण्याचा धीर आला.

गुळाची पेठ

उसाबरोबर गुऱ्हाळे आली आणि गुऱ्हाळांबरोबर बारामतीची पेठ उभी राहिली. हिवाळा सुरू झाला की मळ्यामळ्यांतून लोखंडी चरख्यांचा आवाज येऊ लागे. बैलांच्या जोड्या चरख्याभोवती फिरत. रस मोठ्या काहिलीत पडे, चुलवाणात चिपाडे जळत, आणि रस आटून नेमका कधी उतरवायचा हे गुळव्या आपल्या अनुभवाने ठरवी. त्याच्या एका क्षणाच्या चुकीने ढेपेचा रंग जाई आणि भावही जाई. साच्यात थंड झालेल्या ढेपा गोणपाटात बांधून गाड्या बारामतीच्या बाजाराकडे निघत.

आरंभी हा माल बैलगाड्यांनी दौंड, नीरा, लोणंद अशा रेल्वे स्टेशनांवर न्यावा लागे. १९१४ मध्ये दौंड-बारामती हा सुमारे २७ मैलांचा अरुंदमापी रेल्वेमार्ग सुरू झाला आणि गावाचा कायापालट झाला. दौंड हे मुंबई-सोलापूर मार्गावरील आणि मनमाडकडे जाणाऱ्या मार्गावरील जंक्शन असल्याने बारामतीचा गूळ मुंबई, गुजरात व खानदेशाकडे थेट रवाना होऊ लागला. येताना त्याच गाडीतून पेंड, लोखंड, रॉकेल, किराणा आणि कापडाचे गठ्ठे येऊ लागले.

अडत, गूळ, भुसार, किराणा, सराफी आणि कापड या सर्व व्यवसायांत हुमड, गुजराथी व मारवाडी जैन कुटुंबांनी आपला जम बसविला. कापडाचा व्यापार तर सर्वस्वी शेतीवर अवलंबून. गुळाची पट्टी हाती आली की कुणबी घरच्या लग्नसराईचा बस्ता बांधायला पेठेत येई. नऊवारी लुगडी, खण, धोतरजोड्या, पटके, मांजरपाट यांची खरेदी होई. गुळाला भाव नसेल तर दुकानातील माल घडीवरच राही. शेतकऱ्याच्या घरी सुबत्ता नसेल तर व्यापाऱ्याच्या गादीवरही ती टिकत नाही, हा धडा पेठेने पुस्तकांतून नव्हे तर अनुभवातून घेतला.

पेठेतील सौद्याची जुनी रीत मात्र दोषास्पद होती. खरेदीदार व अडत्या रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवीत. मालाचा धनी असलेला शेतकरी समोर उभा असून त्याला भाव कळत नसे. १९३९ च्या शेती उत्पन्न बाजार कायद्याने उघड लिलावाचा, ठराविक अडतीचा आणि प्रमाणित वजनमापांचा आग्रह धरला. रुमाल बाजूला झाला आणि शेतकऱ्यासमोर बोली सुरू झाली. सचोटीच्या व्यापाऱ्याचे यात काहीच नुकसान झाले नाही. उलट त्याची पत वाढली.

सहकाराचे पाऊल

उसाला भांडवल फार लागते आणि पैसा परत यायला बारा ते अठरा महिने जातात. अशा पिकासाठी केवळ खासगी सावकारी पुरेशी नव्हती. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांना मान्यता मिळाली. १९११ मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी, लल्लूभाई सामळदास आदींच्या पुढाकाराने मुंबईस मध्यवर्ती सहकारी बँक स्थापन झाली. पुढे हीच प्रांतिक बँक म्हणून प्रसिद्धीस आली. नीरा कालव्यावरील ऊस बागायतदारांना पतपुरवठा करणे हे तिच्या आरंभीच्या कार्यांपैकी एक प्रमुख कार्य होते आणि त्यासाठी तिने बारामतीस आपली शाखा काढली. ज्या तालुक्यात सावकारांच्या वह्या जळाल्या, त्याच तालुक्यात सहकारी पतपुरवठ्याचा हा प्रारंभीचा प्रयोग व्हावा, हा केवळ योगायोग नव्हे. जेथे जखम होती तेथेच औषध लावले गेले.

बँकेमुळे व्यापाऱ्यांचा धंदा बुडाला असेही झाले नाही. कर्जावरील व्याजापेक्षा मालाच्या उलाढालीतून मिळणारा नफा हाच पेठेचा मुख्य आधार बनला. सावकारीकडून व्यापाराकडे झालेले हे स्थित्यंतर समाजाच्या दृष्टीनेही हितकारक ठरले.

चोपण जमिनी, मंदी आणि साखर

समृद्धीने काही नवे प्रश्नही आणले. अतोनात पाण्याने काळ्या जमिनी दलदलीच्या होऊ लागल्या, क्षार वर येऊन सुपीक शेते चोपण बनली. क्लॉड इंग्लिस व व्ही. के. गोखले या अभियंत्यांनी दख्खनच्या कालव्यांवरील या हानीचा अभ्यास केला आणि चर खोदून पाण्याचा निचरा करणे किती अगत्याचे आहे ते दाखवून दिले. नीरेच्या काठी पाडेगाव येथे १९३२ मध्ये ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. पूर्वीचा पुंड्या ऊस मागे पडून प्रथम ई. के. २८, नंतर पी. ओ. जे. २८७८ आणि पुढे को. ४१९ या जाती शेतात आल्या. भाटघरचे जुने धरण अपुरे पडू लागल्याने त्याच्या खालच्या बाजूस अधिक मोठे लॉइड धरण बांधण्यात आले. ते १९२८ मध्ये पूर्ण झाले. १९३८ मध्ये नीरा उजवा कालवा पूर्ण होऊन फलटण व माळशिरसकडील मुलूखही पाण्याखाली आला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात तेजीत असलेले गुळाचे भाव १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत पार कोसळले. अनेक बागायतदार आणि त्यांच्यामागे उभे असलेले अडते अडचणीत आले. १९३२ मध्ये सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसविली आणि देशी साखर कारखान्यांना चालना मिळाली. सासवडच्या माळी बागायतदारांनी एकत्र येऊन माळीनगर येथे स्वतःचा कारखाना उभारला. फलटणजवळ साखरवाडीचा कारखाना निघाला. इंदापूर तालुक्यात, नीरेच्याच पाण्यावर, सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेले उद्योगमहर्षी शेठ वालचंद हिराचंद यांनी ओसाड माळावर वालचंदनगर वसविले. स्वातंत्र्यानंतर प्रवरानगरच्या यशाने प्रेरित होऊन १९५० च्या दशकात माळेगाव व भवानीनगर येथे, आणि त्यानंतर सोमेश्वरनगर येथे सहकारी कारखाने उभे राहिले. गुऱ्हाळांची संख्या घटली, परंतु शेतकरी आता कारखान्याचा भागधारक झाला. पेठेत गुळाचे महत्त्व कमी होऊन भुसार, कापड, यंत्रे व खते यांचे महत्त्व वाढले.

विद्येची गुंतवणूक

व्यापारातून मिळविलेले धन समाजाकडे परतले पाहिजे, ही दानाची परंपरा जैन धर्मात दृढ आहे. आहार, औषध, शास्त्र व अभय ही चार दाने सांगितली आहेत. त्यांपैकी शास्त्रदानाचा आधुनिक आविष्कार म्हणजे शिक्षणसंस्था. बारामतीत अनेकान्त एज्युकेशन सोसायटीच्या वतीने १९६२ मध्ये तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले. त्यापूर्वी पदवीच्या शिक्षणासाठी मुलांना पुण्याची वाट धरावी लागे. या महाविद्यालयाचे दरवाजे आरंभापासूनच सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी खुले राहिले. खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांची मुले-मुली तेथे शिकली. संस्थेने स्वीकारलेले 'अनेकान्त' हे नावच अर्थपूर्ण आहे. सत्याला अनेक बाजू असतात, आपल्याप्रमाणे दुसऱ्याची बाजूही समजून घ्यावी, हा त्या सिद्धान्ताचा गाभा. ज्या परिसरात ९० वर्षांपूर्वी शेतकरी आणि वाणी परस्परांसमोर शत्रू म्हणून उभे ठाकले होते, तेथे या नावाची संस्था उभी राहावी, यात फार मोठा आशय सामावलेला आहे.

पुढील काळातील घडामोडी सर्वांच्या परिचयाच्या आहेत. १९६७ मध्ये श्री. शरद पवार येथून प्रथम विधानसभेवर निवडून गेले. १९७० च्या दशकापासून कृषी विकास प्रतिष्ठान, विद्या प्रतिष्ठान यांसारख्या संस्थांनी शेती व शिक्षण क्षेत्रांत मोलाची भर घातली. औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि एका लहान शेतकी गावाचे रूपांतर आधुनिक नगरात झाले. त्याचा तपशील हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

ताळेबंद

या संपूर्ण वाटचालीकडे पाहता काही गोष्टी स्पष्ट होतात. बारामतीला पाण्याने जीवन दिले, रेल्वेने बाजार दिला आणि कष्टकऱ्यांनी पीक दिले. परंतु या तिन्ही गोष्टी एकत्र बांधणारा धागा होता तो पतीचा. १८७५ मध्ये तो धागा तुटला तेव्हा पेठ होरपळली. पावती, उघड लिलाव, सहकार आणि शिक्षण यांच्या साहाय्याने तो पुन्हा विणला गेला तेव्हा पेठ बहरली. व्यापाऱ्याचे खरे भांडवल तिजोरीत नसून गिऱ्हाइकाच्या मनात असते, हे वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. बारामतीचा इतिहास हा त्याचा पुरावाच होय.

या ताळेबंदात नावेची एक बाकी अजून शिल्लक आहे, तिचाही उल्लेख करणे प्राप्त आहे. नीरा डाव्या कालव्याने तालुक्याचा दक्षिणेकडील पट्टा बागायती केला. परंतु ज्या सुप्यात १८७५ चा उद्रेक झाला, ते सुपे आणि मोरगावकडील गावे उंचावर असल्याने कालव्याच्या पाण्यापासून वंचित राहिली. अनेक दशकांनंतर जनाई-शिरसाईसारख्या उपसा सिंचन योजना आल्या. तरीही जिरायत आणि बागायत हा भेद तालुक्यात पूर्णतः मिटलेला नाही. पाऊस ओढल्यास आजही तेथील माणसाला टँकरची वाट पाहावी लागते. ज्यांना कालव्याचे पाणी लाभले त्यांच्यावर, आणि त्या पाण्यावर पोसलेल्या पेठेवरही, या गावांचे काही देणे लागते.

संस्थेचा सुवर्णमहोत्सव हा आनंदाचा तसाच हिशेब तपासण्याचाही प्रसंग असतो. ५० वर्षांत किती निधी जमला, किती इमारती उभ्या राहिल्या, हे आकडे अहवालात येतातच. त्याबरोबरच आजूबाजूच्या शेतकऱ्याच्या, मजुराच्या व इतर समाजबांधवांच्या मनात आपली किती पत जमा झाली, याचीही खतावणी व्हावयास हवी. पूर्वजांनी दूरदेशीहून येऊन या मातीत आपले पाय रोवले, चुकांतून बोध घेतला आणि धनाबरोबर विद्याही वाढविली. नव्या पिढीने त्यांच्या कर्तृत्वाचा अभिमान बाळगावा, त्यांच्या काळातील दोषांचेही स्मरण ठेवावे आणि सचोटीचा तो वारसा अधिक उजळ करून पुढे न्यावा, हीच या मंगल प्रसंगी अपेक्षा.